धनुष्याचा देश आणि गंभीरगडाकडे गेलेला राजा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या तीन वह्या माझ्याकडे आहेत. साध्या दोनशेपानी, पिवळ्या पडलेल्या. शाळा सुटली की गुरुजी पाड्यावर जायचे, म्हाताऱ्या माणसांशेजारी ओट्यावर बसायचे आणि ती सांगतील ते उतरून घ्यायचे. वह्या बऱ्याच होत्या म्हणतात. बाकीच्या वाळवीने खाल्ल्या. उरलेल्या तिन्हींचे कोपरेही गेलेले आहेत, त्यामुळे प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द अंदाजाने वाचावा लागतो. आज मी जे बोलणार आहे ते या वह्यांतल्या एका पानावरून सुचलेलं आहे. पण त्या पानावर मी शेवटी येईन. आधी तुम्हाला फार लांब नेणार आहे, समुद्रापलीकडे, नाईल नदीच्या काठावर.

त्याआधी एक प्रश्न. बाहेरच्या जगाला आपल्या जव्हारकडच्या वावर गावाचं नाव कधी कळलं? इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना उत्तर ठाऊक आहे. १९९२ साली. वावर-वांगणीत लहान मुलं कुपोषणाने दगावली आणि मुंबईच्या वर्तमानपत्रांत आपल्या गावाचं नाव छापून आलं. तोवर कोणी विचारलं नव्हतं. देशावर वावर म्हणजे शेत, पेरलेली जमीन. आणि त्याच नावाचं आपलं गाव जगाने ओळखलं ते भुकेसाठी. ती बातमी यायलाच हवी होती. ज्यांनी ती लावून धरली त्यांचे आपल्यावर उपकार आहेत. पण मित्रहो, तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, अजूनही कुठे गेलो आणि जव्हारकडचा आहे असं सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांत तीच एक गोष्ट दिसते. एका बातमीत एक मुलूख मावतो का? त्या बातमीच्या आधी इथे काही नव्हतंच का?

हाच अनुभव एका फार मोठ्या, फार जुन्या लोकांना आला. त्यांचं नाव न्युबियन.

आजच्या इजिप्तमधल्या आस्वानपासून सुदानच्या खार्टुमपर्यंत नाईलचा जो वळणावळणाचा पट्टा आहे, तो न्युबिया. तिथे नदी सहा ठिकाणी खडकांतून फुटत वाहते. होडी चालत नाही, ती काठाने ओढून न्यावी लागते. त्या खडकांनीच या लोकांना सांभाळलं. उत्तरेकडच्या फौजेला सहज वर येता येत नव्हतं. आपल्याला हे समजावून सांगायला नको. शिरघाट चढून आलेल्या माणसाला डोंगर राज्य कसं राखतो ते कळतं.

इजिप्तचे लोक या मुलखाला दोन नावांनी ओळखत. एक नाव होतं ता-सेती, म्हणजे धनुष्याचा देश. न्युबियन तिरंदाज इतके नावाजलेले होते की इजिप्तचे राजे त्यांना पगार देऊन आपल्या फौजेत ठेवत. मुलांनो, हे लक्षात ठेवा. जगाच्या इतिहासातल्या सगळ्यात जुन्या राज्यांपैकी एकाने आपल्या शेजाऱ्याला ओळखलं ते तीरकमठ्यावरून. आणि दुसरं नाव? ते दगडावर पुन्हा पुन्हा कोरलेलं सापडतं: हीन कुश. कुश हे त्या राज्याचं नाव. हीन हे इजिप्तच्या राजांनी मागे लावलेलं शेपूट. शेकडो वर्षं, राजा बदलला तरी शेपूट तेच. न्युबियनांनी स्वतः तेव्हा काही लिहून ठेवलं नव्हतं, म्हणून जगाने पुढे वाचलं ते शत्रूच्या हातचं.

या हीन म्हटलेल्या मुलखात होतं काय? केर्मा नावाचं शहर होतं. इसवी सनापूर्वी सुमारे २५०० पासून १५०० पर्यंत ते भरभराटीत होतं. कच्च्या विटांचं एक प्रचंड देऊळ तिथे आजही उभं आहे, साडेतीन हजार वर्षांच्या उन्हावाऱ्यानंतरही पाच-सहा मजली घराएवढं उंच. शहराबाहेर हजारो थडगी. त्यांतल्या एका थडग्याच्या कडेने गुरांच्या कवट्या मांडलेल्या सापडल्या, ४ हजारांहून अधिक, शिंगांसकट, ओळीने, चंद्रकोरीसारख्या. माणूस गेला तेव्हा एवढी गुरं कापली गेली. गाई-बैल हेच त्या लोकांचं धन आणि हाच त्यांचा मान. आणि हेही सांगतो, कारण पुढे मला याचा उपयोग आहे: नंतरच्या मोठ्या राजांच्या थडग्यांत त्यांच्याबरोबर शेकडो माणसंही पुरलेली आहेत. राजा आपला असला म्हणजे तो सगळ्यांना सुखाचाच असतो असं नाही.

केर्मा इजिप्तच्या थुतमोस राजांनी जिंकलं, जाळलं. चार-पाचशे वर्षं न्युबियावर इजिप्तचा अंमल राहिला. मग इजिप्तच दुबळा झाला. आणि त्याच कुशमधून, नापाटा नावाच्या गावाजवळच्या जेबेल बार्कल या पवित्र डोंगराच्या पायथ्यापासून, एक राजा उत्तरेला निघाला. त्याचं नाव पिये. इसवी सनापूर्वी सुमारे ७२७. त्याने सगळा इजिप्त आपल्या टाचेखाली आणला. हीन कुशचा राजा इजिप्तचा फॅरो झाला! त्या घराण्याला इतिहासात इजिप्तचं पंचविसावं राजघराणं म्हणतात.

पियेने आपल्या स्वारीची हकीकत एका मोठ्या शिळेवर कोरून ठेवली. ती १८६२ मध्ये जेबेल बार्कलला सापडली. त्यातला एक प्रसंग मला फार आवडतो. एक शहर बरेच दिवस वेढून पिये आत शिरला. हरलेल्या राजाने आपल्या राण्या, मुली पुढे केल्या, रत्नं पुढे केली. पियेने तिकडे पाहिलंही नाही. तो सरळ घोड्यांच्या पागेत गेला. घोडे उपाशी होते. आणि तो संतापला. तुझ्या सगळ्या गुन्ह्यांत या मुक्या जनावरांना उपाशी ठेवलंस हा गुन्हा माझ्या जिव्हारी लागला, अशा अर्थाचं तो बोलला. पुढे तो आणि त्याचे वारस जिथे पुरले गेले, तिथे शेजारी त्यांचे घोडेही पुरलेले सापडले, उभे, साज घातलेले.

त्याच घराण्यातला तहार्का. इसवी सनापूर्वी ६९० मध्ये गादीवर आला. विशीचा असताना घर सोडून उत्तरेला गेला होता. राजा झाल्यावर त्याची आई, आबार तिचं नाव, एवढी नदी उतरून मुलाला गादीवर बसलेला पाहायला गेली. हे त्याने मुद्दाम कोरून ठेवलं. लढाया जिंकल्याचं सगळेच कोरतात. आई येऊन बघून गेली, हे कोरणारा राजा मला आपल्यातला वाटतो.

आणि या दोघांच्या मधला शबाका. त्याचीच गोष्ट सांगायला मी इतका वेळ नाईलच्या काठावर थांबलो. शबाकाला देवळात एक जुना लेख सापडला, पूर्वजांचा. तो किड्यांनी खाल्ला होता. वाचता येत नव्हता. शबाकाने तो एका काळ्या दगडावर पुन्हा कोरून घेतला, आणि आधी होता त्याहून चांगला केला असं वर लिहवलं. ही शिळा आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पुढे काय झालं? काही शतकांनी कोणीतरी त्या शिळेच्या मधोमध भोक पाडलं आणि तिच्यावर दळण दळलं. भोकापासून चारी बाजूंना खाचा गेल्या आहेत आणि मधली अक्षरं घासून गेली आहेत. किड्यांपासून वाचलेलं जात्याखाली गेलं. गुरुजींच्या वह्या हातात घेतल्या की मला तो दगड आठवतो.

आता आपल्या मुलखात या.

कोकणात इंग्रजांच्या काळी नाव घेण्यासारखी तीन संस्थानं होती. सावंतवाडी, जंजिरा आणि जव्हार. सावंतवाडीला मराठा भोसले, जंजिऱ्याला आफ्रिकेतून आलेले सिद्दी, आणि जव्हारला महादेव कोळी मुकणे. आफ्रिकेतून आलेला माणूस राजा आणि डोंगरातला आदिवासी राजा, दोघेही याच कोकणपट्टीत. मलिक अंबरही तिकडचाच, इथिओपियाचा, गुलाम म्हणून विकला गेलेला; त्याने १६१० मध्ये खडकी वसवली, तेच आपलं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. म्हणजे महाराष्ट्राच्या मातीला अशा राज्यकर्त्यांची नवलाई नव्हती. नवलाई वाटली ती नंतर, पुस्तकांना.

मुकण्यांची गोष्ट जव्हारमध्ये लहान मूलही सांगतं, पण आज नीट सांगू. जयबा मुकणे हा मूळ पुरुष. जुन्या नोंदी त्याला पौपेरा म्हणतात. थळ घाटाजवळ मुकणे इथे त्याची मातीची गढी होती. पिंपरीच्या देवस्थानाला गेला असता पाच गोसाव्यांनी त्याला जव्हारचा राजा म्हणून आशीर्वाद दिला. मग त्याने कोळी जमवले, पेठ, धरमपूरकडून सुरतेपर्यंत गेला, काठेवाडात सात वर्षं राहिला आणि परत आला. तेव्हा जव्हारला राजा कोण होता? वारली राजा होता. हे मी पुन्हा म्हणतो. जव्हारला जयबाच्या आधी वारली राजा होता. जयबाने त्याच्याकडे जागा मागितली. किती? एका बैलाचं कातडं पुरेल एवढी. वारली राजा हो म्हणाला. आणि जयबाने त्या कातड्याची बारीक बारीक वादी कापली, ती लांबच लांब पसरली आणि राजाच्या घरासकट सगळा डोंगर तिच्या आत घेतला.

ही गोष्ट दुसरीकडेही सांगतात, हे तुम्हाला माहीत आहे का? आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर कार्थेज नावाचं नगर होतं. ते डिडो नावाच्या राणीने वसवलं, आणि तिनेही तिथल्या राजाकडून बैलाच्या कातड्याएवढीच जागा मागून घेतली होती, अशी दंतकथा आहे. तीच वादी, तोच वेढा. ही कथा तिकडून इकडे आली, की जिथे जिथे कोणी बाहेरून येऊन जमीन घेतो तिथे तिथे ती नव्याने उगवते? मला दुसरं पटतं. जमीन तलवारीने घेतली असं जिंकणाऱ्याला सांगायचं नसतं. शब्दाने घेतली, कबुलीने घेतली, असं सांगायचं असतं. ही कथा म्हणजे एका अर्थी सातबारा आहे. आणि त्या सातबाऱ्यावर आधीच्या मालकाचं नाव नाही.

जयबाचा मुलगा नेमशहा. दिल्लीच्या सुलतानाने, म्हणजे मुहम्मद तुघलकाने, त्याला राजा ही पदवी दिली. तारीख लिहून ठेवलेली आहे: ५ जून १३४३. २२ किल्ले आणि ९ लाखांचा मुलूख त्याच्याकडे होता असं सांगतात. त्या दिवसापासून जव्हारने स्वतःचा शक सुरू केला. इंग्रजी अमदानीतही दरबारी कागदांवर तो चालू होता. मुलांनो, शक सुरू करणं म्हणजे काय? काळ माझ्यापासून मोजा, असं म्हणण्याची छाती असणं. विक्रम, शालिवाहन, शिवराज्याभिषेक, आणि त्याच रांगेत आपल्या या डोंगरातला एक कोळी राजा. तेव्हाच्या जगावर एक नजर टाकू. १३१७ मध्ये न्युबियात डोंगोलाच्या राजाचा दरबार मशिदीत बदलला गेला आणि तिथलं ख्रिस्ती राज्य मावळत गेलं. तेच राज्य, ज्याच्या तिरंदाजांनी सातव्या शतकात अरब फौजांना परतवलं होतं; डोळ्याचा अचूक वेध घेणारे म्हणून अरबांनीच त्यांना नाव दिलं होतं. धनुष्याच्या त्या देशात राजांचा सूर्य कलत होता, आणि पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत धनुष्याच्या या देशात शक सुरू होत होता. दोघांचा काडीचाही संबंध नाही. तरी या दोन तारखा शेजारी ठेवल्या की मला बरं वाटतं.

१३४३ ते १९४८. सहाशे पाच वर्षं! मोगल आले गेले, पोर्तुगीज किनाऱ्यावर बसले आणि उठले, पेशवाई झाली, इंग्रज झाले. जव्हार होतंच. १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेला निघाले, तेव्हा जव्हारच्या विक्रमशहाने त्यांना साथ दिली. महाराजांचा तळ जिथे पडला तो शिरपामाळ आपण आजही दाखवतो. पण इतिहास पुढेही वाचायचा असतो. ते सख्य टिकलं नाही, आणि १६७२ मध्ये महाराजांच्याच मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतलं. पुढे पेशव्यांच्या काळात मुलूख कापत कापत नेला. १७८२ च्या सुमारास राजाच्या हाती वर्षाला १५ ते २० हजारांचं उत्पन्न राहिलं. कुठे ९ लाख, कुठे १५ हजार. सह्याद्रीतल्या महादेव कोळ्यांवर तर याहून वाईट वेळा आल्या. मोगलांविरुद्ध उठाव केला म्हणून शिवनेरीवर कोळ्यांची डोकी उडवली गेली, तो चौथरा अजून तिथे आहे. बंड करणाऱ्या राघोजी भांगऱ्याला इंग्रजांनी २ मे १८४८ रोजी ठाण्यात फाशी दिलं.

शेवटचे राजे यशवंतराव मुकणे. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात होते. १९४८ मध्ये त्यांनी संस्थान विलीन केलं, आणि पुढे लोकसभेत निवडून गेले. जयविलास राजवाडा आपण पाहुण्यांना दाखवतो, काजूच्या बागेतला, गुलाबीसर दगडाचा. पाहुणे हमखास विचारतात, हा आदिवासी राजाचा वाडा? त्या प्रश्नातला तो 'आदिवासी' शब्द जरा उंच सुरात येतो. मी वीस वेळा ऐकला असेल. त्यात तुच्छता नसते. अविश्वास असतो.

हा अविश्वास न्युबियाच्याही वाट्याला आला, आणि तो मोठ्या विद्वानांकडून आला. जॉर्ज रायझनर हा अमेरिकन संशोधक. १९१३ ते १९१६ त्याने केर्मा खणलं. कष्टाळू माणूस, खणण्याची शिस्त त्यानेच घालून दिली. त्याला ते देऊळ दिसलं, थडगी दिसली, अतिशय पातळ, काळ्या-लाल झळाळीची मातीची भांडी दिसली. आणि त्याने निष्कर्ष काढला की हे इजिप्तच्या सुभेदाराचं ठाणं असलं पाहिजे. का? काळे लोक एवढं उभारू शकतात हे त्याच्या मनाला शिवलंच नाही. पुढे तहार्काच्या घराण्याचीही पाळंमुळं त्याने गोऱ्या लिबियन लोकांत शोधली. हाताखाली पुरावा होता, डोळ्यांसमोर भांडं होतं, तरी वाचलं मात्र आपल्या मनातलं. ही चूक दुरुस्त व्हायला कित्येक दशकं लागली. स्विस संशोधक शार्ल बोने यांनी १९७० च्या दशकापासून केर्मा पुन्हा खणलं, तेव्हा ते स्वतंत्र आफ्रिकन राज्याचं राजधानीचं शहर म्हणून उभं राहिलं. आणि जानेवारी २००३ मध्ये त्यांना जवळच एका खड्ड्यात सात पुतळे सापडले, तहार्का आणि त्याच्या वारसांचे, काळ्या दगडाचे. सगळे फोडलेले. इसवी सनापूर्वी ५९३ मध्ये इजिप्तच्या फौजेने त्या मुलखावर चाल केली, तेव्हाची ती फोड असावी. पण कोणीतरी नंतर ते तुकडे गोळा केले आणि एकत्र नीट पुरून ठेवले. फोडणाऱ्याचं नाव इतिहासात आहे. तुकडे गोळा करणाऱ्याचं नाही.

तेव्हा राज्य संपलं का? नाही. ते आणखी दक्षिणेला, मेरोए इथे सरकलं आणि आणखी नऊशे वर्षं टिकलं. लोखंड गाळणारं शहर. तिथल्या राण्या कांडाके म्हणून ओळखल्या जात, आणि त्यांनी रोमशी लढाई केली. राणी अमानिरेनासच्या काळात रोमचा सम्राट ऑगस्टस याच्या पुतळ्याचं डोकं तोडून आणलं आणि एका देवळाच्या पायऱ्यांखाली पुरलं. येणाराजाणारा त्याच्यावर पाय देऊन आत जाई. ते डोकं १९१० मध्ये वर काढलं गेलं, वाळूमुळे अगदी जसंच्या तसं. मेरोएच्या लोकांचा एक मोठा देव अपेडेमाक, सिंहाच्या डोक्याचा. रानातलं सगळ्यात भयंकर जनावर, त्यालाच देव केलं. आपण काय केलं? वाघबारशीला वाघोबाला पुजतो ना? लाकडाच्या फळीवर वाघ, वर सूर्य, चंद्र, शेंदूर. ज्याची भीती वाटते त्याच्याशी नातं जोडायचं, ही रानात राहणाऱ्याची अक्कल आहे. ती नाईलकाठीही होती.

आता मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट. मेरोएच्या लोकांनी शेवटी स्वतःची लिपी केली. तेवीस अक्षरांची, सुटसुटीत. ग्रिफिथ नावाच्या इंग्रज पंडिताने ती साधारण १९१० च्या सुमारास उलगडली. म्हणजे आज आपण ती वाचू शकतो, मोठ्याने उच्चारू शकतो. पण अर्थ कळत नाही. काही नावं, देवांची नावं, थोडे शब्द, बस. कारण ती भाषा बोलणारं कोणी उरलं नाही. विचार करा. अक्षर आहे, आवाज आहे, अर्थ गेला.

आपलं नेमकं उलट आहे. आपल्याकडे लिपी नव्हती, अर्थ मात्र अजून चालता-बोलता आहे. लग्नात धवलेरी गाते तेव्हा चौकात पालघट देवी येते. सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने काढलेल्या त्या चौकातली प्रत्येक रेघ काहीतरी सांगते, आणि ती वाचता येणाऱ्या बाया या सभागृहात बसल्या आहेत. धान्यदेवी कणसरीची गोष्ट सांगणारे आहेत. तारप्याचा सूर बदलला की पाय कसा बदलायचा हे माहीत असणारे आहेत. मोखाड्याच्या बोहाड्यात रात्रभर टेंभ्यांच्या उजेडात सोंगं नाचतात, आणि कोणतं सोंग कोणत्या घराने घ्यायचं याचा मान बापाकडून मुलाकडे येतो. ते आमचं ग्रंथालय आहे, आणि तिथे एकेक पुस्तक एकेका घरात ठेवलेलं आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांनी चौकातली रेघ कागदावर आणली, तेव्हा जपान-युरोपचे लोक ती बघायला गंजाडला आले. पण कागदावर आली ती रेघ. तिच्यामागचं गाणं किती जणांनी मागून घेतलं?

न्युबियाचं पुढे काय झालं तेही सांगतो, कारण मोखाडेकरांना ते जवळचं वाटेल. १९६० च्या दशकात आस्वानला उंच धरण बांधलं. पाचशे किलोमीटर लांबीचा जलाशय झाला आणि न्युबियाचा मोठा भाग त्याखाली गेला. अबू सिंबेलचं देऊळ जगाने पैसे गोळा करून, दगड दगड कापून, वर नेऊन ठेवलं. १९६८ मध्ये ते काम पुरं झालं. उत्तम झालं. आणि माणसं? इजिप्तमधले सुमारे ५० हजार न्युबियन आणि सुदानमधले जवळपास तितकेच उठवले गेले, नदीपासून लांब वसवले गेले. खजुरीची झाडं, पूर्वजांची थडगी, नदीतल्या आत्म्यांना द्यायचा नैवेद्य, सगळं पाण्याखाली. दगडांना नंबर घालून हलवलं. गाण्यांना कोणी नंबर घातले नाहीत.

आणि आपल्याकडे? वैतरणेवर मोडकसागर झाला, अप्पर वैतरणा झालं, आणि २०१४ मध्ये मोखाडा तालुक्यात कोचाळे इथे मध्य वैतरणा धरण पुरं झालं. १०२ मीटर उंच. दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर पाणी मुंबईला. मार्च उजाडला की त्याच तालुक्यात पाड्यांवर टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागतात. मी इथे कोणाशी भांडायला उभा नाही. मुंबईतही आपलीच लेकरं बांधकामावर पाणी पितात. पण धनुष्याच्या देशांच्या नशिबी नदी असते आणि पाणी नसतं, हे दोन्ही ठिकाणी पाहिलं आणि मला झोप लागली नाही.

आता गुरुजींच्या वहीतलं ते पान.

आपण जव्हारच्या राजाचा अभिमान बाळगतो आणि तो बाळगलाच पाहिजे. पण मघाशी मी म्हटलं, त्या सातबाऱ्यावर आधीच्या मालकाचं नाव नाही. कुशच्या राजांना इजिप्तने हीन म्हटलं, हे आपल्याला खुपलं. मग जयबाच्या आधीच्या वारली राजाला आपण गोष्टीत काय म्हणतो? भोळा म्हणतो. कातडं दिलं आणि राज्य गमावलं म्हणून मुलं हसतात. वारल्यांची मुलंही हसतात! मीही लहानपणी हसलो आहे. तो भोळा होता, की दिलेला शब्द पाळणारा होता? वादी पसरलेली पाहिल्यावर त्याने धनुष्य का उचललं नाही? जुन्या नोंदीत एकच ओळ पुढे आहे: जयबाने त्याला गंभीरगडचा मुलूख दिला, आणि तो तिकडे गेला. नावही लिहिलेलं नाही. फोडलेले पुतळे उचलणाऱ्या त्या माणसासारखा तोही बिननावाचा.

गुरुजींनी ही गोष्ट एका वारली आजीकडून लिहून घेतली आहे. आजीचं नाव वाळवीने खाल्लं. पाड्याच्या नावातलं पहिलं अक्षर तेवढं आहे. तिच्या सांगण्यात जयबा फार थोडा आहे. राजा आपल्या माणसांना घेऊन डोंगर उतरतो तिथे ती रेंगाळते. बायांनी कोंबड्या काखोटीला मारल्या, कोणी नागलीचं बियाणं घेतलं, कोणी वरईचं. राजाने काय घेतलं? राजाने हिरवा देव घेतला, मोरपिसांचा, आणि तारपा घेतला. गंभीरगड दिसायला लागला तेव्हा तो थांबला आणि मागे वळला. इथे गोष्ट थांबते. आणि खाली गुरुजींच्या अक्षरात, शिसपेन्सिलने, दोन शब्द आहेत: पुढे विचारणे.

गुरुजींना पुढे विचारायला सवड मिळाली नाही. मी गेली काही वर्षं विचारत फिरतो आहे. डहाणूकडे, कासाकडे, गंभीरगडाच्या पायथ्याच्या पाड्यांवरही जाऊन आलो. कोणी म्हणतं आजाला ठाऊक होतं. कोणी म्हणतं तमक्या भगताला विचारा, आणि भगत मागच्याच पावसात गेलेला असतो.

आज इथे इतक्या पाड्यांवरची माणसं एका छपराखाली आहेत. मागे भिंतीला टेकून बसलेल्या आज्या मला दिसतात. तो वारली राजा मागे वळून काय म्हणाला, गंभीरगडावर गेल्यावर त्याचं काय झालं, त्याचं नाव काय होतं, हे तुमच्यापैकी कोणी ऐकलं असेल, अर्धं, तुटकं, गाण्यातली एक ओळ एवढंसुद्धा, तर माइक तिकडे देतो. वही उघडी आहे. मी खाली बसतो.